थंडी वाजतीये

सेक्टर ६, भिलाई
१२ जानेवारी

चि. खुशबूस,
बाबाचा सप्रेम जयभीम.

आम्ही तिघं इकडे खुशाल आहोत. तुझी बंगळूरची ट्रेनिंग बरी चालून राहिली असेल आणि तू होस्टेलच्या सांबाराले नावं ठेवून राहिली असशील. परवा जावई प्रशांतचा जहाजावरून फोन आला होता. आवाज कटत होता, पण खुशाल आहे म्हणला. शुभंकरचा गृहपाठ मी रोज घेतो. गणितात पोट्टा थेट तुझ्यावर गेला, म्हणजे रामभरोसेच आहे. ईराचा समोरचा खालचा दात पडला. तो तिनं कागदात गुंडाळून ठेवला, आई आली की दाखवीन म्हणते.

फोन असताना बाबा पत्र कावून लिहून राहिले, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगतो ना वं. फोनवर तू "हॅलो बाबा" म्हणलीस की मी नुसत्या हवापाण्याच्या गोष्टी करतो. मनालीहून येऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत आपण सहादा बोललो आणि सहाही वेळा मी तुले अर्धंच सांगितलं. तू वीस तारखेले पोरांले न्याले येशील, त्याच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून स्पीड पोस्टानं धाडून राहिलो.

तुझी आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच पोरं माझ्या एकट्याच्या भरोशावर सोडली. हे वाचून पुढच्या सुट्टीत त्यांले पाठवाचं का नाही, ते तूच ठरव. दोघंही आता माझ्या बाजूले बसून कॅरम खेळून राहिले, हातपाय, बोटं सगळी धड आहेत, म्हणून घाबरू नको. पण पत्र पूर्ण वाच, मधेच फोन उचलू नको.

कपड्यांपासून सुरू करतो, कारण माझं चुकलं ते तिथूनच.

तू पोरांसंग एक थैली पाठवली होती. वर चिठ्ठी होती, "बाबा, बर्फात जाल तेव्हा हे अंगाला लागून घालायचे, बाकीचं सगळं यावरून." आत ते काळे, ताणले की लांब होणारे, चामड्यासारखे चिकटणारे कपडे. मी चष्मा लावून लेबल वाचलं. पॉलिस्टर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तुले तर माहीत आहे, मी चौतीस वर्षं ब्लास्ट फर्नेसच्या तोंडाशी काढली. पहिल्या दिवशी मी टेरिलीनचा नवा शर्ट घालून ऐटीत ड्युटीवर गेलो, तर फोरमननं माझी बाही पकडली. म्हणला, "लहानू, हे काढ. चिंगारी पडली की हे वितळते, चमडीले चिकटते आणि मंग चमडी घेऊनच निघते. अंगाले सूत लागलं पाहिजे. सूत पसीना पिते, अंग थंडं ठेवते." ही गोष्ट मी पुढं माझ्या हाताखालच्या शंभर पोरांले शिकवली. तू नायलॉनच्या फ्रॉकसाठी चार दिवस रुसून बसली होतीस, तरी घेऊ दिली नाही. आमच्या घरात हा कायदाच होता.

तर मी तुझी थैली तशीच लोखंडी अलमारीत टाकली आणि मार्केटात जाऊन दोघांसाठी सुती बनियान, सुती पायजमे आणि सुती मोज्यांचे जोड घेऊन आलो. तुझा शेषराव काका संग होता. तो म्हणला, "लहानू, पोरीनं काही विचार करून दिलं असेल ना बे." मी म्हणलं, "तू जिंदगीभर क्रेनवर वर बसला, तुले खाली भट्टीपाशी काय घालतात ते काय माहीत?" सूत अंग थंडं ठेवते, हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं त्याले त्याच दुकानात पुन्हा ऐकवलं, आणि आपण थंडीत जाऊन राहिलो हे माझ्या टकुऱ्यात शिरलं नाही. चौतीस वर्षं पाठ केलेलं माणूस ऐकत नाही वं, नुसतं बोलते.

दुर्गहून गाडीत बसलो तिथपासून मनालीत उतरलो तिथपर्यंतचं मी तुले फोनवर सांगितलं, ते सगळं खरं होतं. शेषरावच्या माकडटोपीचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांले तयार केलं. ईराले तीन बनियान, त्यावर दोन पायजमे, मोज्यांचे दोन जोड, वरून स्वेटर, आणि त्यावर दुकानातून भाड्यानं घेतलेला तो फुगलेला बर्फाचा सूट. पोट्टी पत्ताकोबी दिसून राहिली होती. शुभंकर म्हणला, "आजोबा, माझे हात खालीच जात नाहीयेत." मी म्हणलं, "जाऊ देऊ नको, वरच ठेव, पोलीसवाल्यानं पकडल्यासारखा." आम्ही हसत हसत वर गेलो.

आता तिथलं कसं सांगू तुले? खुशबू, बाप्पा! मी सहासष्ट वर्षांचा झालो आणि मले वाटत होतं का मी सगळं पाहिलं आहे. गाडीतून उतरलो आणि पहिल्यांदा मी डोळ्यांवर हात धरला, आणि दुसरा हात आपोआप खिशाकडे गेला. निळा चष्मा शोधून राहिलो होतो, भट्टीवर लावायचो तो. कारण आमच्याकडे लोखंड लाल असलं की कमी गरम, नारंगी झालं की जास्त, पिवळं त्याहून जास्त, आणि पांढरं झालं की माणसानं मागं सरकाचं. पांढऱ्याच्या पुढं काही नाही. आणि इथं पायाच्या बोटापासून आभाळापर्यंत सगळं पांढरं, आणि त्यातून लेकरं खिदळत घसरून राहिली होती! मी खरंच दोन पावलं मागं सरकलो. शेषराव हसला, मंग त्यानंही डोळ्यांवर हात धरला.

आणि आवाज नाही. भट्टीचा आवाज रिटायर झाल्यावरही माझ्या कानात आहे, तुझी आई म्हणायची तुम्ही झोपेतही ओरडून बोलता. तिथं तो थांबला. समोर एवढा मोठा पहाड, अख्खी भिलाई त्याच्या एका खांद्यावर मावून जाईल, आणि तो काहीच आवाज करून नाही राहिला. ऊन पडलं की त्याच्या माथ्यावरून बर्फाची धूळ उडत होती, हळू हळू, कोणी पीठ चाळून राहिलं असं वाटे. मले रडू आलं. कावून आलं ते मले आजही सांगता येत नाही. आपण नाही तरी हे असंच राहीन, एवढंच डोक्यात येत होतं, आणि त्यानं भीती वाटाच्या बदल्यात बरं वाटून राहिलं होतं.

आधी दोघंही अर्धा-पाऊण तास बर्फात पळाले, लोळले, एकमेकांले गोळे मारले. पसीन्यानं भिजले. मंग शिकवणारा पोरगा आला. एका वेळी एकच लेकरू, म्हणला. शुभंकर पहिले गेला, शेषराव त्याच्यामागं गेला. ईरा पायात ते जड बूट अडकवून माझा हात धरून उभी राहिली, तिच्या नंबराची वाट पाहत.

तिथं ती म्हणली, "आजोबा, थंडी वाजतीये."

मी म्हणलं, "थंडी काय शाळेची घंटी आहे, वाजाले? आपल्या भिलाईत थंडी लागते. तुमच्या पुण्याच्या लोकांची वाजते." ती हसली. मी तिचा हातमोजा काढून हात चाचपून पाहिला, ठीक आहे म्हणलं आणि मोजा परत चढवला.

इथं तुले एक गोष्ट सांगावी लागते जी तुझ्या आईशिवाय कोणाले माहीत नव्हती. तू सातवीत होतीस तेव्हा माझे हात भाजले होते, आठवते? डॉक्टरनं जखमा बऱ्या केल्या, पण बोटांची समज परत आली नाही. मले बोटांनी गरम-थंडं कळत नाही. पंचवीस वर्षं झाली. तुझी आई चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना "थांबा" म्हणायची, ते यासाठी. ड्युटीवर सांगितलं असतं तर भट्टीवरून काढून कुठं तरी टेबलावर बसवलं असतं, म्हणून नाही सांगितलं, आणि मंग सांगाचं राहूनच गेलं. तर मी पोरीचा हात धरला तो असा. लाकूड धरलं असतं तरी तेवढंच कळलं असतं.

पण हाताच्या आड लपून मी सुटून राहिलो, असं समजू नको. लेकरू तोंडानं सांगत होतं.

थोड्या वेळानं ती खाली बसली. मले वाटलं थकली. उठवाले गेलो तर "आजोबा" म्हणताना तिची जीभ अडखळली, ओठ जांभळे, आणि डोळे मिटून राहिली होती. मी "ईरा, ईरा" म्हणून हलवलं तर म्हणते, "झोपू द्या." खुशबू, मी भट्टीवर माणूस जळताना पाहिला आहे, तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो. मी तिले उचललं, बूट तिथंच काढून फेकले आणि ज्या दुकानातून सूट घेतले होते तिकडे धावलो. दोनदा पडलो. पडलो तेव्हा तिले वर धरलं होतं, एवढं मात्र खरं.

दुकानवाली सुनिता म्हणून होती, तुझ्याच वयाची. तिनं एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. मी पोरीले सरळ तंदुराकडे घेऊन चाललो होतो. तिथं लाकडं जाळायची लोखंडी शेगडी असते, तिले तंदूर म्हणतात. भट्टीचा माणूस मी, दुसरं काय सुचणार! तिनं माझा हात झटकला. "आग से नहीं बाबूजी, बदन से!" पोरीचे कपडे उतरवले, एक, दोन, तीन बनियान. तिसरा पिळला तर जमिनीवर पाणी पडलं. तो बनियान तिनं माझ्यासमोर धरला आणि म्हणली, "ये क्या है? बच्ची को गीला कपड़ा लपेट के बरफ में खड़ा कर दिया?"

मी म्हणलं, "सूती है."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं का मी जन्मात विसरणार नाही. "सूती ही तो मारता है यहाँ."

मंग तिनं ईराले आपल्या स्वेटरच्या आत, पोटाशी घेतलं, तिचे हात आपल्या काखेत दाबले, वरून रजई ओढली आणि बसून राहिली. मी मोज्यांचं विचारलं तर म्हणली, दोन मोजे घातले का पाय आवळते, रक्त जात नाही, एकच घालाचा, पण लोकरीचा. बोटाबोटाच्या हातमोज्यात बोटं एकटी पडतात, चारही बोटं एका घरात राहतील असा मोजा पाहिजे. लेकरू गरम आहे का नाही ते मानेमागं हात घालून पाहाचं, आणि अंगाले लागून लोकर तरी पाहिजे नाही तर ते काळे, ताणणारे कपडे, जे पसीना पित नाहीत, बाहेर टाकतात. मी मान खाली घालून ऐकत होतो. ते काळे कपडे आमच्या अलमारीत पडले आहेत, हे सांगाची माझी हिंमत झाली नाही.

वीसेक मिनिटांनी पोट्टी थरथरू लागली. मी घाबरलो, तर सुनिता पहिल्यांदा हसली. "अब ठीक है. अब काँप रही है ना. ज़्यादा ठंड चढ़े तो बदन काँपना भी छोड़ देता है." लेकरू थरथरलं म्हणून कोणाले एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता, आणि मले त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. खाली डॉक्टरले दाखवलं. बोटं पाहिली, कान पाहिले, सगळं ठीक म्हणला.

आता माझं दुसरं पाप. त्या संध्याकाळी तुझा फोन यायच्या आधी मी दोघांले जवळ बसवलं आणि म्हणलं, "आईले सांगू नका, ती उगीच घाबरेल." शेषराव म्हणला, "लहानू, हे बरं नाही." मी त्याच्यावर डोळे काढले. तू फोनवर विचारलंस, "ईरा, मजा आली का?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "खूप मज्जा" म्हणली. तू हसलीस. तुझं ते हसणं ऐकून मले जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाचं नाही म्हणलं, तर ईरानंच हट्ट धरला. "माझा नंबर राहिलाय." सुनितानं स्वतः तिले तयार केलं, तिच्या मुलीचे लोकरीचे कपडे घालून. काय हात होता त्या बाईचा! पाच मिनिटांत पोरगी तयार, कुठं आवळलेलं नाही, कुठं फट नाही. आमच्या भट्टीवर जुना माणूस टॅपिंगची, म्हणजे वितळलेलं लोखंड बाहेर सोडाची, तयारी करायचा ना, तसं, एकही हालचाल फालतू नाही. आणि मंग ईरा त्या पांढऱ्यावरून सुटली, वं! दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून, पडली, उठली, परत सुटली. माझ्या रक्ताचं एवढंसं लेकरू, आणि कालच ज्यानं तिले झोपवून टाकलं होतं त्याच्याच अंगावर खेळून राहिलं. मी दर फेरीले तिच्या मानेमागं माझा गाल लावून पाहत होतो. गालाले अजून कळते. गरम होती.

पत्र आज कावून लिहून राहिलो, ते सांगतो. आपल्या घरी संध्याकाळी वंदना होते, तू केली तशीच ही दोघंही करतात. चार दिवसांआधी माझ्या ध्यानात आलं का ईरा पंचशील म्हणताना तीन शीलं घडाघडा म्हणते, चौथ्याले चूप होते आणि एकदम दारूच्या शीलावर उडी मारते. मले वाटलं विसरली. काल मी म्हणलं, "बेटा, मुसावादाचं राहिलं." ती म्हणते, "राहिलं नाही आजोबा. ते मी म्हणू शकत नाही. आपण आईशी खोटं बोललोय ना." खाली पाहत, एकदम साध्या आवाजात. मले रागवली पण नाही.

सहा वर्षांची पोट्टी, खुशबू. आपल्या बापजाद्यांनी किती वर्षं लावून हा रस्ता धरला, आणि मी रोज हात जोडून पाचही शीलं पोपटासारखी म्हणून राहिलो होतो, त्या लेकरासमोर. तिच्यासमोर बसाची मले लाज वाटली, आणि खरं सांगू, तो पहाड पाहून वाटलं होतं ना, तसंच वाटलं. एवढं मोठं आपल्या घरात कधी आलं, मले समजलंच नाही.

म्हणून लिहिलं. तिनं तुले खोटं सांगितलं ते माझ्या सांगण्यावरून, तिले एक शब्द बोलू नको. रागवाचं ते मले रागव. तुझी थैली मी अलमारीतून काढून बाहेर ठेवली आहे, येशील तेव्हा दिसेल.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र मी ईराले वाचून दाखवलं, तिचीच गोष्ट आहे म्हणून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मंग म्हणली, "आजोबा, तुम्ही एकदाच लिहिलंय. मी चारदा म्हटलं होतं."

मी म्हणलं, "चारदा?"

"हो. पहिल्यांदा तुम्ही घंटीचं बोललात. दुसऱ्यांदा हात पाहिला. तिसऱ्यांदा 'हूं' म्हणालात. चौथ्यांदाचं पण लिहा."

मले वाटलं होतं तिले ते आठवत नसेल. लिहितो. चौथ्यांदा ती माझी बाही ओढून म्हणली, "आजोबा, खूप थंडी वाजतीये." मी पहाडाकडे पाहून राहिलो होतो. ऊन त्याच्या माथ्यावर आलं होतं. मी तिच्याकडे न पाहता म्हणलं, "चूप बस ना जराशी. मले पाहू दे."

त्यानंतरच ती खाली बसली.

आता सगळं लिहिलं. ईरानं पुन्हा वाचाले लावलं आणि हाव म्हणली. पोरं पाठवाची का नाही ते तू सांग, मी हुज्जत घालणार नाही.

तुझा बाप, आणि जिचं चारदा ऐकलं नाही त्या पोरीचा आजोबा,
लहानू